दुसरं कार्ड कशाला?

"याला ताटात एक मासा वाढला की दोन हवेत, आणि दोन वाढले की ताटच मोठं हवं. लहानपणापासून असाच आहे. मीच वाढवलाय, मला नाही ठाऊक होणार?"

डुफी हे दुकानदाराला सांगत होती, आणि भाचा शेजारीच उभा होता. ओपुनी छत्तीस वर्षांचा बाप्या, पण मावशी बोलत असताना त्याची मान खाली ती खालीच.

डुफीचा स्टुडिओ मर्तिकाच्या फिल्म करायचा. घानातल्या कुमासीत माणूस गेलं की मयत बर्फात राहतं, घरचे दोन-दोन महिने तयारी करतात, आणि ठरलेल्या शनिवारी मोठ्या पडद्यावर गेलेल्याचं सगळं आयुष्य दिसतं. ज्या कॉम्प्युटरवर हे काम चाले त्याचं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं. हाताशी होते नऊ हजार सेडी. त्यात एक दणकट कार्ड येत होतं, नाहीतर दोन बेताची.

"मावशी, एकच घ्या," दुकानदार सुमाइला म्हणाला. "कॉम्प्युटरच्या एका पेटीत दोन बारकी घातली म्हणून ताकद दुप्पट होत नाही. दोन किडमिड्या बायका मिळून एक तुमच्यासारखी होते का?"

"तू कार्डं विक. माझं वजन करू नकोस."

"एका पेटीत नकोच," ओपुनी हळूच म्हणाला. "दुसरी पेटी जुन्या सामानातून मी जोडतो. एकीवर रोजची गिऱ्हाइकं. दुसरीवर एकच मोठी फिल्म. शेकडो जुने फोटो आहेत, डागाळलेले, वाळवीनं खाल्लेले. एकेक साफ करायचाय. ईस्टरच्या आत."

"कुणाची फिल्म?"

"माम्पोंगच्या एका घरची. म्हातारी बाई आहे."

"नाव नाही तिला?"

"घरात भांडण चाललंय. मयत कुणी न्यायचं यावरून. नाव मागून देतील."

डुफीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. दुसरी पेटी म्हणजे दुसरं दुकान, हे तिला शिकवायला नको होतं. मागच्या वर्षी तिचाच कॅमेरावाला गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला आणि रस्त्यापलीकडे पाटी लावून बसला. आणि हा भाचा तर महिनाभर नको तितकं गोड बोलत होता. तिला दवाखान्यात घेऊन गेला, डॉक्टरशी आत बोलून आला, "बीपी आहे मावशी, मीठ कमी कर," म्हणाला, आणि तेव्हापासून तिची पिशवीसुद्धा तिला उचलू देईना. गोड बोलणारा नातेवाईक खिसा चाचपत असतो, असं तिचं मत होतं.

तरी तिनं दोन कार्डं घेतली. ताटाबाहेरचं ओपुनीनं आजवर स्वतःहून काही मागितलं नव्हतं. आणि हा स्टुडिओ शेवटी त्याच्याच हाती जायचा होता. आत्ताच चोरून कशाला नेईल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात ओपुनीनं तिच्यासमोर माइक ठेवला. डुफीच्या विलापाशिवाय त्यांची एक फिल्म बाहेर पडत नसे. तिच्यासारखं रडणारी बाई कुमासीत दुसरी नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगे.

"काय केलं या बाईनं आयुष्यात?"

"कापड विकलं. पोरं वाढवली."

"सगळ्याच तेच करतात. आणखी काही?"

ओपुनी वायर सरळ करत राहिला. "नावाच्या जागी थांब मावशी. मी मागून बसवतो."

ती गायली. त्यानं पुन्हा गायला लावलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"आवडलं नाही वाटतं साहेबांना?"

"आवडलं."

पण दुसरी पेटी खालच्या खोलीत दिसेना. ती वर गेली होती, माळ्यावरच्या खोलीत. सोळा पायऱ्या. डुफीला हल्ली पाचव्या पायरीवर धाप लागायची, आणि ओपुनीला ते पक्कं ठाऊक होतं. त्या खोलीला नवं कुलूपही आलं.

"माझ्याच घरात कुलूप?"

"धूळ जाते गं आत."

"कुलपाला बघून धूळ परत फिरते होय?"

त्यानं विषय बदलला. तेव्हा तिची खात्रीच पटली.

रविवारी ती चर्चला म्हणून निघाली आणि कोपऱ्यावरून माघारी फिरली. माळ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती चढली. पाचव्या पायरीवर बसली, नववीवर बसली, तेरावीवर कठडा धरून उभी राहिली. चढता चढता शब्द जुळवत होती. आज याला सगळ्या भाऊबंदांसमोर उभा करते. अंगावरचा सदरासुद्धा माझ्या पैशाचा आहे म्हणते.

तिनं दार ढकललं.

आधी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. विलाप वर चढत गेला, नावाच्या जागेशी येऊन थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत ओपुनीचा आवाज म्हणाला, "डुफी."

पडद्यावर विशीतली एक पोरगी कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन हसत होती. फोटोवर एक डाग उरला नव्हता. खाली जन्माचं साल होतं, पुढे एक रेघ, आणि रेघेपुढे कोरी जागा.

ओपुनी खुर्चीवरून उठला.

"तुझ्यासारखं रडणारं दुसरं कुणी नाही, मावशी," तो म्हणाला. "मग तुझ्यासाठी कुणाला आणणार होतो?"

"डॉक्टर खरं काय म्हणाला ते कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"घरात सगळ्यांना."

डुफीनं डोक्याचा रुमाल सारखा केला, धाप बसेपर्यंत थांबली, आणि त्याच्या तोंडावर म्हणाली, "चोर निघाला असतास तर बरं झालं असतं, ओपुनी. चोराला मी माफ केलं असतं."