पोत्यांचा संघ

बंद भातगिरणीत हरेशने कोंड्याची सात पोती समोरच्या कबड्डी संघासारखी उभी केली होती. गुडघा निखळल्यापासून त्याच्या संघातलं कुणी इकडे फिरकलं नव्हतं. पावसाळाभर तो एकटाच दम घुमवत चढाई करायचा, सातही जणांना बाद करायचा आणि जिंकून घरी जायचा. पण दसऱ्यानंतर निवड होती, आणि पोती पकड करत नाहीत एवढं त्यालाही कळत होतं.

आज दारात शेजारगावचा बाळाराम उभा होता. गुडघा गेला तो याच्याच पकडीत.

"पोती ऐकतात का रे तुझं?"

"तुझ्यापेक्षा बरी खेळतात."

बाळाराम चपला काढून आत आला आणि एक पोतं सारून त्याच्या जागी उभा राहिला. हरेशच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती. दुखरा होता उजवा. समोरच्याला कळू नये म्हणून चढाईवाले चांगल्यालाच पट्टी बांधतात. बाळारामने झेप घेतली, डावा पाय अलगद धरला आणि लगेच सोडला. हरेश आरामात रेषेवर परतला. पोत्यांसमोर त्याला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"डावा का धरलास?"

"पट्टी दिसली."

"गप. निखळला तेव्हा आवाज तुझ्याच हातात आला होता."

बाळाराम एक पाऊल मागे सरकला. "परत गुडघा गेला तर?"

"निवडीत जाण्यापेक्षा इथं जाऊ दे. उजवा धर. आणि दया नको."

बाळारामने तळहात मातीत घासले आणि वाकून उजव्या गुडघ्यावर नजर रोखली. हरेशने छाती भरून श्वास घेतला.