जाळीतली शाल

“गरम पाणी नकोय मला. तीनदा सांगितलं,” आलोयझी ब्येलाक दाराच्या फटीतून म्हणाला.

“तुम्हाला नको असेल आजोबा, पण धुराड्याची तपासणी चुकत नाही. आज चौथ्यांदा हे चार जिने चढलोय. पुढच्या खेपेला पोलिसांना घेऊन चढावं लागेल.”

पोलिसांचं नाव निघाल्यावर साखळी निघाली.

सेवेरिन आत आला. काळा कोट, पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर तारेचा ब्रश. धुराडी साफ करणारा दिसला की बितोम शहरातली माणसं पटकन आपल्या बटणाला हात लावतात, नशीब उघडावं म्हणून. खालच्या मजल्यावरच्या बाईने तर आत्ताच बटाट्यांची पिशवी टाकून बटण पकडलं होतं. आलोयझीचे हात मात्र खिशातच राहिले.

“बटण नाही धरलंत?”

“या घरात पुष्कळ धरून झालं.”

सेवेरिनने जीभ चावली. हा भाग त्याला नवा होता. आधीचा माणूस गेल्या हिवाळ्यात काम सोडून गेला आणि इथली जुनी घरं याच्या गळ्यात पडली. पण ब्येलाकांची गोष्ट त्याला जिन्यातच कळली होती. गेल्या नोव्हेंबरात म्हाताऱ्याची बायको हिल्डा न्हाणीघरात गुदमरून गेली. गॅसच्या गिझरचा जळका वायू धुराड्यातून बाहेर जायचा, तो आतल्या आत कोंडला होता. गार वारा येतो म्हणून नवऱ्याने भिंतीतल्या हवेच्या जाळीत शाल कोंबली होती. जाळीत शाल दिसल्यावर पोलिसांनी पुढे काही पाहिलंच नाही. असे जाळ्या बंद करणारे या शहरात दर दोन घरांआड भेटतात आणि सेवेरिन रोज त्यांच्यावर ओरडतो. इथे ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गिझरला अजून सील होतं. शाल न्हाणीघराच्या खुंटीला टांगलेली होती, पांढरीशुभ्र.

“धुतलीत वाटतं?”

“नाही. पोलिसांनी परत दिली तशी टांगली.”

“कोंबली कधी होती?”

“सप्टेंबरात. थंडी पडली तेव्हा. तसंच लिहा, उस्ताद. जाळी मी बंद केली, बायको माझ्यामुळे गेली. वर चढायची गरज नाही.”

सेवेरिनने जाळीवरून बोट फिरवलं. जुन्या काजळीने बोट काळं झालं. ते त्याने पँटला पुसलं.

स्वयंपाकघरात फळीवर जपमाळ होती आणि तिच्याजवळ बशीत एक पितळी बटण. लोक ते शुभ म्हणून मागून घेतात. सेवेरिनने स्वतः डझनभर वाटली असतील. बाजूला तिशीतल्या एका तरुणाचा फोटो होता.

“मुलगा का?”

“आखिम. नॉर्वेत असतो, मासळीच्या कारखान्यात.”

“येऊन जाऊन असतो ना?”

“आईच्या मातीला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, एवढ्याशा वाऱ्यासाठी आईला मारलंत. त्यानंतर फोन नाही.”

म्हाताऱ्याने हे हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. सेवेरिनला फार वाईट वाटलं. त्यालाही एक मुलगा होता, आणि तो निदान रविवारी फोन करायचा. त्याने ब्रश उचलला आणि छपराची वाट धरली.

अर्ध्या तासाने तो जवळजवळ धावतच खाली आला. हातातली गोणी त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर उलटी केली. काटक्या, पिसं, लोकर, वाळका चिखल.

“कावळ्यांचं घरटं! हा खालचा थर बघा, कुजून माती झालाय. दोन वर्षांचं तरी असणार. धुराडं ठार बंद होतं, आजोबा. जाळी उघडी असती तरी त्या वाचल्या नसत्या. ऐकताय ना? तुम्ही नाही मारलंत त्यांना!”

म्हातारा रडेल, निदान खाली बसेल, असं सेवेरिनला वाटलं होतं. आलोयझीने कोपऱ्यातला झाडू आणला.

“हे परत गोणीत भरा.”

“अहो, आधी मुलाला फोन लावा! मी बोलतो हवं तर त्याच्याशी.”

“तो तिकडे रात्री शांत झोपतो. झोपू दे.”

“आणि तुमचं काय?”

“या वयात झोप तशीही कमीच.”

सेवेरिनचं डोकं तडकलं. अकरा महिने हा माणूस गार पाण्याने अंघोळ करतोय, जिन्यात शेजारी तोंड फिरवतायत, पोटचा मुलगा तोडून बसलाय. आणि खरा गुन्हेगार कुठेतरी मजेत आहे.

“दर ऑक्टोबरात तपासणी असते. म्हणजे गेल्या ऑक्टोबरात हे धुराडं साफ आहे म्हणून कुणीतरी सही ठोकलीय. छपरावर न चढता! इथेच बसून चहा ढोसला असेल हरामखोराने.”

“चहा नाही,” म्हातारा हळूच म्हणाला. “खसखशीचा केक खाल्ला. हिल्डाने मुद्दाम केला होता.”

“बघा! केक खाऊन जीव घेतला बाईचा. याला मी सोडणार नाही.”

“काय होईल त्याला?”

“तुरुंग. आणि व्हायलाच हवा.”

सेवेरिनने पिशवीतून फाइल काढली. जुन्या तपासण्यांचे कागद त्याला हा भाग सोपवताना मिळाले होते. ते वाचायला अजून सवड झाली नव्हती. आलोयझीने झाडू टाकला आणि त्याचा कोट पकडला. म्हाताऱ्याची बोटं एका पितळी बटणावर घट्ट बसली.

“उघडू नका, उस्ताद. पाया पडतो तुमच्या.”

“तुम्ही फार भोळे आहात, आजोबा,” असं म्हणत सेवेरिनने दुसऱ्या हाताने फाइल उघडली. गेल्या वर्षीचा कागद सगळ्यात वर होता. धुराडं: साफ. धोका: नाही. तपासणी करणारा: आखिम ब्येलाक.