गेनोवेफाची जागा

काळ्या फडक्याखाली डोकं घालून तो माणूस नेमका गेनोवेफाच्या जागेकडेच टक लावून बघत होता.

ती ओकच्या आड थबकली. टोपली तिनं पोटाशी धरली. मेल्याला अख्खं जंगल मोकळं होतं! तरी तीन पायांवरची ती लाकडी पेटी इथेच आणून रोवलेली. पेटीचं भिंग रोखलेलं होतं आडव्या पडलेल्या वाकड्या बुंध्याकडे आणि शेवाळातून डोकी काढलेल्या तिच्या तपकिरी अळंब्यांकडे. ही अळंबी एकदा जिथे उगवते तिथेच दरवर्षी उगवते, म्हणून जागा कुणी कुणाला सांगत नाही. "कुठे मिळाल्या गं?" असं कुणी विचारलं, की गावातली शहाणी बाई "जंगलात" म्हणते आणि चालू लागते.

आईनं जाताना ही जागा गेनोवेफाच्या कानात सांगितली होती. तिच्या एकटीच्या. थोरल्या तेक्लाला नाही. तेव्हापासून गेनोवेफा इथे कधी सरळ वाटेनं आली नाही. आधी दलदलीकडे जायचं, मग मागे वळायचं. अळंबी कापली की खुणेवर शेवाळ पसरायचं. सख्ख्या बहिणीलाही तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"काय रे, काय चाललंय?" ती पुढे झाली.

तो फडक्यातून बाहेर आला. तिशीतला असेल. गुडघे चिखलानं माखलेले. "नमस्कार आजी. मी कायेतान, वॉर्साहून आलोय. फोटो काढतोय."

"कसला?"

"शेवाळाचा. बघा ना, बुंध्यावर कसं चढलंय!"

शेवाळाचा म्हणे! शेवाळासाठी कुणी एवढं धूड पाठीवर घालून वॉर्साहून येतं होय? "बघू," म्हणत तिनं फडक्यात डोकं खुपसलं. मागच्या काचेवर तिची जागा उलटी लटकत होती. शेवाळ वर, अळंब्या खाली डोकं वर पाय. पण एकेक कशी लख्ख! टोपीवर पडलेली पाइनची सुईसुद्धा दिसत होती. उलटी असो की सुलटी, जागा तीच. हा फोटो एकदा भिंतीवर लागला, की वाकडा बुंधा बघून गावातलं शेंबडं पोरही इथवर येईल.

"ही वाट कुणी दाखवली तुला?"

"तुमच्याच गावातल्या एका आजींनी."

"तेक्लानं?"

"हो! ओळखता?"

गेनोवेफाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढलाच शेवटी माग सटवीनं! पाय गेलेत, खाटेवरून उठवत नाही, तरी डोळा माझ्या अळंब्यांवर! स्वतःला येता येत नाही, म्हणून हा पाठवलाय.

कायेताननं भिंगावर झाकण घातलं आणि काचेपुढे फिल्म सरकवली. "वारा पडलाय. आता जरा हलू नका हं," तो हळूच म्हणाला आणि त्यानं भिंगावरचं झाकण काढलं.

गेनोवेफा थेट भिंगासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिनं सुरी चालवली. सगळ्या कापल्या. एरवी जिला ती वाढू द्यायची, ती बोटाएवढीसुद्धा.

"अहो आजी, हे काय केलंत! तेक्लाआजींना अळंब्यांसकट हवा होता फोटो."

"हवाच असेल! सांग तिला, जन्मात तोंडाला लागायच्या नाहीत."

"खायच्या नव्हत्याच त्यांना." कायेतान हताश होऊन बुंध्यावर टेकला. "लहानपणापासून ठाऊक आहे त्यांना ही जागा. आईनं आधी त्यांनाच दाखवली होती. त्याच आईला म्हणाल्या, धाकटीला दे. मला नवरा आहे, पोरं आहेत. तिचं एकटीचं म्हणावं असं काहीच नाही. परत कधी पाऊल टाकलं नाही त्यांनी इथे. आता जायच्या आधी एकदा डोळे भरून बघायचंय, म्हणाल्या. मला नीट बजावलंय, अळंब्यांना हात लावू नकोस, त्या माझ्या बहिणीच्या आहेत. आणि मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस, तिच्या आनंदावर विरजण पडेल."

गेनोवेफानं सुरी खाली ठेवली. तिनं टोपलीतली एक अळंबी काढली, शेवाळात उभी करून बघितली. ती कलंडली. पुन्हा उभी केली. पुन्हा कलंडली. तिला रडू फुटलं.

"फिल्म उरलीय का रे?" तिनं विचारलं.

"एक आहे. पण आता इथे दाखवण्यासारखं काय राहिलंय?"

तिनं डोळे पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि कापलेल्या खुणांशेजारी शेवाळावर मांडी घालून बसली.

"काढ. आणि तेक्लाला सांग, धाकटीनं आपण होऊन जागा दाखवली."