आखाजी कुठे टांगायची?

'आखाजी' लिहिलेली चिठ्ठी सारिकाने तिसऱ्यांदा उपटली आणि परत तिथेच चिकटवली. जळगावच्या एमआयडीसीतल्या पंप कंपनीची नवी वेबसाइट बनवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ती तिने भिंतीवर चिठ्ठ्यांनी मांडली होती. कुठल्या पानाखाली कुठलं पान, गिऱ्हाईक शिरणार कुठून, पोचणार कुठे. चार वाजता मालक अखिलशेठ आराखडा बघायला येणार होते आणि हिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

शेठची अट एकच. गिऱ्हाइकाला तीन क्लिकमध्ये पार्ट सापडला पाहिजे, म्हणजे फोन बंद करता येईल. फोन बंद म्हणजे नवलभाऊंची खुर्ची बंद. अठ्ठावीस वर्षं ते त्या फोनवर बसून गिऱ्हाइकांना पार्ट सांगत होते. उजव्या कोपऱ्यात सारिकानेच चिठ्ठी लावली होती, 'फोन – बंद'. आणि हा भला माणूस सकाळपासून तिला चहा पाजत होता, वर आपलं फोनचं रजिस्टरही तिच्या हवाली करून बसला होता! तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आखाजी होती. भडगाव, आखाजी. नशिराबाद, आखाजी. सारिका पडली धुळ्याची. आखाजी म्हटल्यावर तिला अक्षय्य तृतीयेचा झोका आणि सांजोऱ्याच आठवणार. तिने ती चिठ्ठी 'सणाच्या ऑफर्स'खाली टांगली खरी, पण मन खात होतं.

चारच्या ठोक्याला शेठ आले. साइटच्या नमुन्याची लिंक भडगावच्या वना मिस्त्रीला, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला, आधीच पाठवली होती. नेमका त्याचाच फोन आला, आणि शेठनी स्पीकर लावला.

"मन्हा पंपनी आखाजी फुटी गई," वना म्हणाला, "आनि तुम्ही तठे झोका काय दखाडी राह्यनात?"

मग नवलभाऊंना सांगावं लागलं. ठिबकचं जादा पाणी परत विहिरीत सोडतो तो वाल्व्ह म्हणजे आखाजी. आखाजीला लेकी माहेरी परत येतात, तसं. आणि गेलेलं पाणी जो माघारी येऊच देत नाही, तो 'सासर'. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं. कंपनी यांची, पार्ट यांचे, आणि नावंच ठाऊक नाहीत. कुणी ठेवली ही नावं, त्यांनी विचारलं. लोक म्हणतात, एवढंच भाऊ म्हणाले.

असली सगळी नावं आत्ताच्या आत्ता साइटवर घ्या, शेठनी फर्मावलं. भाऊ सांगत गेले, सारिका लिहीत गेली. एकेक चिठ्ठी लिहिताना आपण या माणसाचं ताट ओढतोय असं तिला वाटत होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"भाऊ, सगळी नका सांगू," ती हळूच म्हणाली.

भाऊ नुसते हसले आणि त्यांनी पुढचं नाव सांगितलं.

साडेपाचला भिंत भरली. शेठ खूश. एक तारखेपासून फोन बंद, म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला, भाऊंनी उचलला. चाळीसगावचा ललित म्हणून कुणी होता. परवाच बाजारात आलेल्या नव्या पंपातली एक रबरी चकती कुरकुरत होती, आणि तिचं नाव त्याला सांगता येईना. येणार कसं? त्या चकतीला नाव नव्हतंच. कॅटलॉगमध्ये नुसता नंबर होता.

नवलभाऊंनी जरा वेळ छताकडे पाहिलं.

"ती व्हय? तिले आपन 'ननंद' म्हनतस," ते फोनमध्ये म्हणाले. "ती कुरकुर करसच. बठ्ठास्ले सांगी दे."

सगळ्यांना सांग म्हणे! सारिकाने भिंतीवर पाहिलं. ननंद कुठेच नव्हती. शेठनीही पाहिलं. मग तिने जाऊन उजव्या कोपऱ्यातली 'फोन – बंद' चिठ्ठी काढली आणि चुरगळून टाकली. शेठनी कचऱ्याची टोपली पायाने तिच्याकडे सरकवली.

भाऊंनी फोन खाली ठेवला.

"ताई, कोऱ्या चिठ्ठ्या आहेत ना अजून?"