मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं

"वडिलांचा तक्रार अर्ज खरा आहे?" तपासणी अधिकारी बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. खरा होता. तिसरीतल्या एका मुलीला दर बुधवारी मधल्या सुट्टीत एक बाई भेटून जायची. कोर्टाने मुलगी वडिलांकडे दिलेली. शाळेच्या भेटीच्या रजिस्टरात दोनच नावं, वडील आणि आत्या. नियम साधा होता: रजिस्टरात नाव नाही, तर भेट नाही.

भाऊसाहेब अहवाल लिहून घेत होते. निवृत्तीला टेकलेले कारकून, दुसऱ्या कचेरीतून चार दिवसांपुरते उसने आलेले. अशा चौकशा त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. निम्म्या चहाबरोबरच संपायच्या. इथे चहा तसाच गार झाला होता.

"आईच आहे हो ती," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. "लेकीची वेणी घालते नि निघून जाते. त्या पाच मिनिटांवर आठवडा काढते बिचारी."

अधिकारी बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मैदान रिकामं होतं. मग त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात एका आजोबांना फाटकावरूनच परत पाठवलंत, ते कोणत्या नियमाने? याच नियमाने, असं उत्तर आलं.

"मग हिला का सोडलंत?"

"नाही म्हणायची हिंमत झाली नाही, मॅडम."

"तसंच लिहा, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांच्या जिवावर आलं. त्यांची स्वतःची लेक परदेशात, वर्षा-दोन वर्षांनी दिसायची. पेन थांबवून त्यांनी सुचवलं, की तोंडी समज देऊन अर्ज निकाली काढता येईल, पाच मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय? बाईंना लेकरू असतं तर कळलं असतं, हेही ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"त्या आजोबांनी तरी कुणाचं काय बिघडवलं होतं?" बाई म्हणाल्या आणि पुढचं सांगू लागल्या. शाळेला लेखी ताकीद. भेट आजपासून बंद. 'बंद' म्हणताना त्या खोकल्या, घोटभर पाणी प्यायल्या.

"भेटायला येणाऱ्या बाईचं नाव राहिलं," भाऊसाहेब म्हणाले.

मुख्याध्यापिका टेबलाकडे बघत बसल्या. नाव काही सांगेनात.

अधिकारी बाईंनी कागद ओढून घेतला. मोकळ्या जागेत नाव लिहिलं, खाली ठळक अक्षरांत सही केली आणि उठून खिडकीशी गेल्या.

भाऊसाहेबांनी कागद उचलून वाचला. भेटायला येणाऱ्या बाईचं नाव आणि खालच्या सहीतलं नाव एकच होतं.