मंत्र्याचा शब्द

"त्याला तू ढकलणार? मग वाटेत एखादा जिना गाठ," शमिका म्हणाली.

ओबिओरा हसला नाही. कोपऱ्यातल्या खोलीतल्या पेशंटला रोज सकाळी फिजिओथेरपीला न्यायचं होतं आणि त्या पेशंटचं नाव होतं चीफ मादू. नायजेरियात ओबिओराचं जे राज्य, त्याचे रोजगारमंत्री. गुडघा बदलून घ्यायला ते थेट स्टुटगार्टला आले होते. तिकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर संपावर होते, त्याला बिचारे मंत्री तरी काय करणार!

शमिका साताऱ्याची, त्याच वॉर्डात नर्स. दोघांचं जर्मन सारखंच मोडकं, म्हणून एकमेकांचं बोलणं दोघांना चांगलं कळायचं.

ओबिओरा मेकॅनिकल इंजिनिअर होता. प्राध्यापकांच्या संपांपायी पाच वर्षांचा कोर्स सात वर्षांत संपला आणि उरलेली उमेद अर्ज करण्यात गेली. आता डिग्रीला इथली मान्यता मिळण्याची वाट बघत तो पेशंटना व्हीलचेअरवरून इकडून तिकडे पोचवत होता. कॉलेजात असताना याच मादूंच्या बंगल्यासमोर त्याने घोषणा दिल्या होत्या आणि पाठीवर पोलिसांच्या काठ्या घेतल्या होत्या.

ही बातमी आईला सांगायची चूक त्याने केली.

"देवाने त्याला तुझ्या हातात आणून दिलाय," आई फोनवर म्हणाली. "इफेओमासाठी शब्द टाक."

इफेओमा त्याची धाकटी बहीण. रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिली आलेली पोरगी रस्त्याच्या कडेला छत्री लावून मोबाइलची रिचार्ज कार्डं विकत होती. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. यंदा तिचं वय त्यात बसत होतं, पुढच्या वर्षी बसणार नव्हतं.

"मी त्या माणसापुढे हात पसरणार नाही, आई."

"हात तुझे आहेत. जन्म तिचा जातोय," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना त्याने हे शमिकाला सांगितलं.

"आमच्याकडे वशिला म्हणतात. त्याच्याशिवाय पान हलत नाही. माझा भाऊ बीई होऊन घरीच आहे."

"आमच्याकडे म्हणतात, लांब पाय हवा. ज्याचा पाय लांब, तो पोचतो."

"मग माग की! अडला हरी, गाढवाचे पाय धरी." म्हण तिने मराठीतच टाकली आणि मग जर्मनमध्ये समजावली. गाढवापर्यंत आल्यावर ओबिओराला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी तो असा हसला होता.

चीफ मादू त्याला वाटले होते तसे निघाले नाहीत. हाताशी माणसं नाहीत, अंगावर दवाखान्याचा सैल झगा. खुर्चीत ते नुसते दमलेले म्हातारे दिसत. ओबिओराच्या बोलण्यावरून त्यांनी त्याचं गाव ओळखलं आणि त्या दिवसापासून वाटभर चौकशा सुरू झाल्या.

"भाषा यायला किती दिवस लागले तुला?"

"कामापुरती वर्षभरात आली, चीफ."

"राहायला जागा मिळते?"

"मिळते. त्सुफेनहाउझेनला आम्ही तिघं मिळून राहतो."

"आणि थंडी?"

"सवय होते."

"कागदपत्रांचं कसं केलंस? एजंट भला होता का?"

ओबिओरा सगळ्याची उत्तरं देत राहिला. निवडणूक जवळ आली होती, हे त्याला माहीत होतं. हा माणूस परत जाणार, मंडपात उभा राहणार आणि सांगणार की परदेशात आपल्या पोरांचे हाल मी या डोळ्यांनी पाहिलेत. लोक टाळ्या वाजवतील. पूर्वी अशा विचाराने त्याचं डोकं फिरलं असतं. पण संतापायलाही अंगात बळ लागतं आणि ते आता त्याच्यात उरलं नव्हतं. शिवाय ज्याच्याकडे मागायचं त्याला दुखवून चालत नाही.

म्हणजे मागायचं ठरलं होतं तर. हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. इफेओमाची छत्री आठवली आणि ती लाजही त्याने गिळली.

चीफ निघायच्या दिवशी सकाळी शेवटची फेरी होती. जाताना त्याला धीर झाला नाही. परतताना लिफ्टपाशी कोणी नव्हतं. ओबिओराने खुर्ची भिंतीकडे घेतली, ब्रेक लावला आणि समोर येऊन उभा राहिला. सकाळपासून घोळवलेलं वाक्य ऐन वेळी अडखळलं.

"चीफ, एक विनंती होती. माझी बहीण फार हुशार आहे. तुमच्या एका शब्दाने तिचं..."

चीफ मादूंनी हात वर करून त्याला थांबवलं. कॉरिडॉरमध्ये दोन्हीकडे नजर टाकली.

"माझ्या शब्दाला तिकडे कोण विचारतो, पोरा? खातं माझं, पण नेमणुका वरून ठरून येतात. मंत्री झाल्यापासून साधा शिपाई लावता आलेला नाही मला." त्यांचा आवाज खाली गेला. "माझा धाकटा तुझ्यासारखाच इंजिनिअर आहे. कधीचा घरात बसून आहे. रोजगारमंत्र्याचा मुलगा बेकार, हे सांगू कोणाला?"

मग त्यांनी ओबिओराचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तुमच्या इथल्या साहेबांकडे त्याच्यासाठी शब्द टाकाल का तुम्ही? खुर्च्या ढकलायचं काम असलं तरी चालेल."