डुप्लिकेट माल

"पुन्हा डुप्लिकेट माल बसवलास ना?" मी साउंडवाल्याला धारेवर धरलं.

"काका, वरातीत वाजतात ते स्पीकर आहेत. आणि हे तिसरे!" तो ओरडून म्हणाला. वर आवाज चढवतो!

माझ्या आठ फुटी मॉडेल विमानाला खऱ्या जेटची गर्जना हवी होती. हवाई दलात तीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगत असे. त्यासाठी कानात बोळेही कधी घातले नाहीत. मला हा काय फसवणार?

विमान मैदानात ठेवून मी आवाज पूर्ण वाढवला. पुन्हा तेच, डास गुणगुणल्यासारखं. साउंडवाल्याने लगेच कानांत बोटं घातली. नाटकी लेकाचा!

बायकोला मुद्दाम समोरच्या गॅलरीत उभं केलं होतं. तिनेही दोन्ही कान दाबले. म्हणजे हीसुद्धा त्याला सामील. हल्ली घरात सगळे कुजबुजतातच, मला कळू नये म्हणून.

तेवढ्यात लांब कुंपणापाशी झोपलेलं भटकं कुत्रं दिसलं. ते ताडकन उठलं आणि शेपूट घालून पळत सुटलं.

मी रिमोट बंद केला. या दोघांचं ठीक आहे. पण त्या कुत्र्याला कुणी पढवलं?